पद्मिनीचा गारवा : उपनगरांना एक वळसा

कुर्ल्याहून विद्याविहारच्या दिशेने जाताना लालबहादूर शास्त्री मार्गाला लागून एक रस्ता आहे, त्याचे नाव प्रीमियर रोड. आजूबाजूला आता उंच इमारती, शाळा, रुग्णालय, कार्यालये असे सगळे उभे राहिले आहे. कोहिनूर सिटी म्हणून ही वस्ती ओळखली जाते. तिथे राहणाऱ्या लहान मुलांना ‘प्रीमियर’ म्हणजे काय असे विचारले, तर ती सिनेमाचा पहिला खेळ असे सांगतील. त्यांच्या आजी-आजोबांना विचारले, तर ते कारखान्याचा भोंगा आठवतील.

वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या, मग इटलीच्या फियाटच्या. १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ आली. तीच पुढे ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, सुमारे ४० अश्वशक्ती, आणि स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आर.टी.ओ.त झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी निरोपाचे लेख लिहिले. पण घरगुती पद्मिनी अजून आहेत. अंधेरीच्या चाळीमागे, बोरिवलीच्या सोसायटीत, मुलुंडच्या गल्लीत ताडपत्रीखाली झाकलेली एखादी दिसतेच.

आमच्या घरची पद्मिनी १९८६ सालची. अब्बांनी ती १९९१ मध्ये सेकंड हँड घेतली. मे महिन्यात खेड तालुक्यातल्या गावी जायचे ते हिच्यातूनच. जाताना टपावर वळकट्या, येताना आंब्याच्या पेट्या, आणि आत आम्ही सहा जण. अब्बांना जाऊन आता काही वर्षे झाली. त्यांची कबर गावच्या कब्रस्तानात आहे. अम्मीचे गुडघे एस.टी.च्या पायऱ्या चढू देत नाहीत. भाड्याच्या गाडीने नेतो म्हटले तर तिचे उत्तर ठरलेले. “त्यांच्या गाडीने न्याल तर येते. नाहीतर इथूनच दुआ करते.”

गाडी मात्र गावापर्यंत काय, अंधेरीहून घाटकोपरपर्यंतही धड जात नव्हती. साकीनाक्याच्या गर्दीत दहा-पंधरा मिनिटे अडकली की बॉनेटमधून वाफ आणि मागून हॉर्नचा गजर. एका गॅरेजने सांगितले, इंजिनच बदला. दुसऱ्याने सांगितले, भंगारात द्या. त्यात नोंदणीच्या नूतनीकरणाची पाळी आलेली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. जी गाडी साकीनाका ओलांडत नाही तिच्यासाठी एवढे करायचे का, हा प्रश्न घरात रोज जेवताना निघू लागला. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवरचा एक भंगारवाला गाडी बघूनही गेला. त्याने वजनावर भाव सांगितला. अम्मीने त्याला चहा दिला आणि “विचार करून कळवतो, भाई” असे म्हणून पाठवले.

गाडी भंगारात देण्याआधी तिचे दुखणे तरी नीट कळू दे, असे ठरवून आम्ही निघालो. पुढचे तीन आठवडे आम्ही उपनगरांत हिंडलो. ती भटकंती आणि त्यातून जे शिकलो ते इथे देत आहोत. कारण अशी गाडी आणि असा वाद अनेक घरांत असणार.

घाटकोपर : “उभी असताना की पळताना?”

लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणजे जुना आग्रा रोड. कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड असा तो सरळ ठाण्याकडे जातो. त्याच्या कडेने वर्षानुवर्षे गॅरेजे आहेत. बॅटरीवाला, सीटवाला, स्प्रिंग-पाट्यावाला, डेंटिंगवाला, प्रत्येकाचे काम वेगळे. घाटकोपरला एका गल्लीच्या तोंडाशी रेडिएटरचे काम करणारे एक वयस्कर कारागीर बसतात. मूळचे महाडकडचे. सगळे त्यांना उस्तादच म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणतो.

आम्ही सलाम करून गाडीचे रडगाणे सुरू केले. त्यांनी हात वर करून थांबवले आणि एकच विचारले, “उभी असताना तापते की पळताना?”

आम्ही सांगितले, “दोन्ही वेळा. पण उभी असताना जास्त.”

“मग दुखणी दोन आहेत. एक समजून औषध दिले म्हणून गुण आला नाही.”

त्यांनी जे समजावले ते असे. पेट्रोल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने चौथा हिस्सा, फार तर तिसरा, चाके फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता काही धुराबरोबर सायलेन्सरमधून जाते आणि काही इंजिनभोवती फिरणारे पाणी उचलते. ते गरम पाणी वरच्या होज पाइपने रेडिएटरमध्ये येते, बारीक नळ्यांतून खाली उतरते, नळ्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांमधून वारा जातो आणि गार झालेले पाणी पंप पुन्हा इंजिनात ढकलतो. या जाळीदार रेडिएटरला सव्वाशे वर्षे झाली. जर्मनीच्या विल्हेल्म मायबाख यांनी १९०१ च्या सुमारास मर्सिडीजसाठी हजारो बारीक नळ्यांचा मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. आधीच्या गाड्या पाणी पीत पीत जात. या रेडिएटरमुळे त्या थोड्या पाण्यात लांब जाऊ लागल्या.

गाडी पळत असते तेव्हा समोरून वारा फुकट मिळतो. तरीही ती तापत असेल तर पाणी नीट फिरत नाही. नळ्या तुंबल्या असतील, पंप थकला असेल किंवा खालचा होज पाइप आत ओढला जाऊन चपटा होत असेल. गाडी उभी असते तेव्हा वारा फक्त पंख्याचा. पद्मिनीत पंखा आणि पाण्याचा पंप एकाच दांड्यावर असतात आणि इंजिन त्यांना पट्ट्याने फिरवते. गर्दीत इंजिन हळू चालते, म्हणून पंखाही हळू फिरतो. वाऱ्याची गरज सर्वांत जास्त असते त्याच वेळी तो सर्वांत कमी मिळतो. म्हणून उभी असताना तापणाऱ्या गाडीत दोष बहुधा वाऱ्याचा असतो.

आम्ही म्हटले, “मुंबईची दमट हवाही त्रास देत असेल ना?”

उस्ताद हसले. “दमट हवेचा त्रास तुम्हा-आम्हाला. घाम वाळत नाही ना आपला! रेडिएटरला घाम येत नाही. त्याला हवा किती गरम आहे आणि वारा किती आहे एवढेच कळते.”

मग त्यांनी गार इंजिनावर झाकण उघडून गाडी सुरू करायला लावली आणि पाण्याकडे बघत राहिले. पाण्यात एकसारखे बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट फुटले असे समजायचे. तेलाची पट्टी काढून पाहिली. तेलात पाणी मिसळले तर ते दुधाळ दिसते. बुडबुडे नव्हते, तेलही स्वच्छ होते. म्हणजे इंजिन शाबूत होते. ‘इंजिनच बदला’ म्हणणाऱ्याने ही पाच मिनिटांची तपासणी केलीच नव्हती. त्या दिवशी आम्ही गाडीच्या आशेने पहिल्यांदा श्वास घेतला.

पाणी मात्र विटेच्या रंगाचे होते. उस्तादांनी इंजिन तापवून बंद केले आणि जाळीवरून थोडा दूर तळहात फिरवला. काही पट्टे गरम, काही जवळजवळ गार. गार पट्टा म्हणजे तिथल्या नळ्यांत पाणीच जात नाही.

रेडिएटर उतरवला. स्टोव्हच्या ज्योतीवर झाळ सोडवून वरची टाकी उघडली. आत गंज आणि क्षार यांची खरड बसली होती. बऱ्याच नळ्यांची तोंडे दिसतच नव्हती. आमच्याकडे कित्येक वर्षे बोअरिंगचे किंवा टँकरचे पाणीच रेडिएटरमध्ये जात होते. अशा पाण्यात क्षार जास्त असले की ते गरम नळीत चिकटतात, किटलीच्या बुडाला बसतात तसेच. उस्तादांनी एकेका नळीत लांब, चपटी पट्टी घालून ती साफ करायला घेतली. याला या धंद्यात ‘रॉडिंग’ म्हणतात. पण काही नळ्या इतक्या झिजल्या होत्या की पट्टी आरपार गेली. नवी जाळी घालण्यावाचून इलाज नव्हता. जुन्या पितळी टाक्या तशाच ठेवून मध्ये नवी तांब्याची जाळी झाळायची असे ठरले.

आम्ही उत्साहाने विचारले, “एक ओळ जास्त घालू या का? जाड जाळी जास्त गार करील.”

“पंखा मजबूत असेल तर करील. कमजोर पंख्याचा वारा जाड जाळीतून पार होत नाही. आणि मागच्या ओळीला जो वारा मिळतो तो पुढच्या ओळींनी आधीच गरम केलेला असतो. आहे तेवढीच जाडी ठेवू, नळ्या नव्या घालू. वाऱ्याचा बंदोबस्त वेगळा करा.”

जाळी तयार होईपर्यंत इंजिनची आतली धुलाई झाली. इंजिनच्या बाजूचा निचऱ्याचा कॉक उघडून, पाणी नेहमी जाते त्याच्या उलट दिशेने सोडले. आधी लाल चिखल आला, मग तांबूस पाणी, आणि बऱ्याच वेळाने स्वच्छ पाणी.

उस्तादांचा मुलगा शेजारच्याच गाळ्यात बसतो. तो नव्या गाड्यांचे रेडिएटर विकतो. ते ॲल्युमिनियमचे, टाक्या प्लॅस्टिकच्या. ते झाळता येत नाहीत. फुटले की काढा आणि नवे घाला. तांब्या-पितळेचे काम आता महिन्याला चार-पाचच येते, त्यातलेही काही जनरेटरचे. “हे काम माझ्याबरोबर संपेल,” उस्ताद म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. जुहरची वेळ झाली होती. त्यांनी झाळायचे हत्यार बाजूला ठेवले, हात धुतले आणि निघाले.

साकीनाका : पत्र्याचे एक कडे

वाऱ्याचा बंदोबस्त करायला आम्ही खैरानी रोडला गेलो. साकीनाक्याहून आत वळणारा हा रस्ता म्हणजे छोट्या कारखान्यांची दाटी. प्रेस, लेथ, पॉलिश, वेल्डिंग, पॅकिंग. एका गाळ्यात नळाच्या तोट्या तर शेजारच्या गाळ्यात स्टीलची टेबले. बाहेर मुख्य रस्त्यावर डोक्यावरून मेट्रो जाते. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. वरून लोक गारेगार डब्यातून काही मिनिटांत घाटकोपर गाठतात. खाली रस्त्यावर आमच्यासारखे अजून तिथेच असतात.

आम्हाला हवे होते ते पंख्याभोवतीचे पत्र्याचे कडे. इंग्रजीत त्याला ‘श्राउड’ म्हणतात. आमचा कारागीर त्याला ‘डब्बा’ म्हणाला आणि तेच नाव पडले. मोकळा पंखा जाळीच्या फक्त गोल भागातून हवा ओढतो आणि कोपरे तसेच राहतात. शिवाय पात्यांच्या टोकांवरून तीच गरम हवा फिरून पुन्हा पुढे येते. कडे बसवले की पंखा सबंध जाळीतून हवा ओढतो. नव्या गाड्यांत हे कडे असतेच. आमच्या गाडीत नव्हते.

कारागिराने आधी बिस्किटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा नमुना कापला आणि गाडीवर धरून पाहिला. मग पत्रा कापला. त्याने दोन गोष्टी जपल्या. पात्याचे टोक आणि कडे यांत पाऊण ते एक इंच जागा सोडली. इंजिन रबराच्या बैठकीवर असते, धक्क्याने हलते. जागा कमी ठेवली तर पाते पत्र्याला लागेल. आणि पंख्याची पाती जाडीने निम्मी कड्याच्या आत, निम्मी बाहेर राहतील असे बसवले. पूर्ण आत गेली तर हवा नीट बाहेर पडत नाही.

तिसरी गोष्ट आम्ही सांगितली. गाडीच्या मूळ पत्र्याला एकही नवे भोक पाडायचे नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात फार फेरफार न केलेली गाडी त्यात बसू शकते. आमची गाडी त्या वयाला २०३६ मध्ये पोहोचेल. तोवर अल्लाहने आम्हाला आणि तिला ठेवले तर कडे चार बोल्ट सोडून काढता आले पाहिजे. कारागिराने रेडिएटरच्या आधीच्याच बोल्टांवर ते बसवून दिले. जाळीच्या बाजूंना ज्या फटी होत्या तिथे रबराची पट्टी लावली, म्हणजे वारा जाळीला वळसा घालून निसटणार नाही.

अंधेरी : लहान वस्तू, मोठे काम

राहिलेले काम घराजवळ, अंधेरीच्या मेकॅनिककडे झाले. या वस्तू लहान, स्वस्त, आणि म्हणूनच दुर्लक्षित.

पहिला थर्मोस्टॅट. हा मेणावर चालणारा व्हॉल्व्ह आहे. इंजिन गार असताना तो रेडिएटरकडचा रस्ता बंद ठेवतो आणि साधारण ८२ अंशांच्या आसपास उघडू लागतो. मुंबईत गाडी तापू लागली की तो काढून फेकण्याची जुनी चाल आहे. आमच्या गाडीतूनही कोणीतरी केव्हाच काढला होता. त्याने आजार बरा होत नाही. तुंबलेला रेडिएटर तुंबलेलाच राहतो, आणि सकाळी इंजिन लवकर गरम न झाल्याने पेट्रोल जास्त जाते, तेलात गाळ धरतो, सिलिंडर झिजतात. थर्मोस्टॅट चांगला आहे का हे घरीच बघता येते. जुन्या भांड्यात पाणी घेऊन त्यात तो दोऱ्याने टांगा आणि पाणी तापवा. उघडला तर ठीक. आम्ही नवा बसवला.

दुसरे, रेडिएटरचे झाकण. हे साधे बूच नसते. त्यात स्प्रिंग असते आणि ती ठरावीक दाबापर्यंत पाणी कोंडून ठेवते. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. महाबळेश्वरला सुमारे ९५ लाच, कारण तिथे हवेचा दाब कमी. उलट दाब वाढवला तर पाणी उशिरा उकळते. स्वयंपाकघरातल्या कुकरचे हेच तत्त्व. झाकणावरचा दाब ७ पौंडांचा असेल तर पाणी सुमारे ११० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले की दाब निसटतो आणि पाणी लवकर उकळते. आमचे झाकण असेच निकामी होते. पण जास्त दाबाचे झाकण लावून फायदा उठवण्याचा मोह टाळावा. जुन्या टाक्यांचे झाळ आणि होज पाइप तेवढा दाब सोसत नाहीत.

झाकणाखालच्या नळीला आम्ही प्लॅस्टिकची बाटली जोडली. गरम होऊन फुगलेले पाणी रस्त्यावर न जाता बाटलीत जाते आणि इंजिन गार झाल्यावर परत ओढले जाते. त्यासाठी झाकण परत ओढणाऱ्या व्हॉल्व्हचे लागते.

तिसरे, होज पाइप, क्लिपा आणि पंख्याचा पट्टा. खालच्या होज पाइपच्या आत स्प्रिंग असलेला घेतला, म्हणजे पंपाच्या ओढीने तो चपटा होत नाही. पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच दबावा. फार सैल असेल तर पंखा आणि पंप घसरतात, फार ताठ असेल तर बेअरिंग जाते.

चौथे, विजेचा पंखा. हा प्रश्न सगळेच विचारतात. “नव्या गाडीचा विजेचा पंखा बसवून टाका ना!” अडचण अशी की आमच्या गाडीत डायनॅमो आहे, आणि इंजिन हळू चालत असताना डायनॅमो वीज फारशी देत नाही. विजेचा पंखा लागतो तो नेमका तेव्हाच. मग तो बॅटरीच खातो. रात्री दिवे लावून गर्दीत अडकलो तर गाडी गार राहील पण बंद पडेल. विजेचा पंखा हवा असेल तर आधी अल्टरनेटर बसवावा, जाड वायर, फ्यूज आणि रिले घालावा. आम्ही ते पुढे ढकलले. आधी पत्र्याचे कडे काय करते ते बघायचे होते.

पाचवे, इंजिनची जुळवाजुळव. इग्निशनचा टाइमिंग मागे पडला असेल तरी इंजिन जास्त तापते. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या कार्ब्युरेटरमधून तेच मिश्रण थोडे पातळ पडते. मेकॅनिकने टाइमिंग आणि कार्ब्युरेटर दोन्ही तपासून घेतले, पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या बदलल्या.

शेवटी रेडिएटरमध्ये नळाचे पाणी न घालता डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट मिसळून घातले. गार करण्याची ताकद खरे तर साध्या पाण्यात जास्त. पण कूलंटमधली औषधे गंज आणि खरड रोखतात, आणि मिश्रण उशिरा उकळते. एक सूचना मात्र घरातल्या सगळ्यांसाठी. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि पोटात गेले तर जीवघेणे असते. डबा मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नये, सांडलेले लगेच धुवावे, आणि सरबताच्या रिकाम्या बाटलीत तर कधीही भरून ठेवू नये.

डॅशबोर्डखाली अंश दाखवणारा वेगळा काटाही बसवला. सगळा हिशेब मांडला तेव्हा नवी जाळी हाच मोठा खर्च निघाला. बाकीचे सगळे मिळून त्याच्या निम्म्यात बसले. इंजिन बदलण्याचा जो आकडा आम्हाला सांगितला होता त्याच्या तर जवळपासही हे नव्हते.

बोरिवली ते मुलुंड : जंगलाला वळसा

मुंबईच्या उपनगरांच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल. पश्चिमेला अंधेरी, गोरेगाव, बोरिवली; पूर्वेला मुलुंड, भांडुप. मध्ये डोंगर. या जंगलाला गाडीने वळसा घालता येतो, आणि जुन्या गाडीच्या परीक्षेला याहून चांगला रस्ता नाही. त्यात महामार्ग आहे, चढ आहे आणि गर्दी तर मुबलक आहे.

आम्ही एका शनिवारी दुपारी तीनला, मुद्दाम उन्हात निघालो. अम्मी म्हणाली, “गाडी बंद पडायची असेल तर माझ्यासमोर पडू दे.” चहाचा थर्मास घेऊन ती पुढे बसली.

वेस्टर्न एक्सप्रेस हायवेने बोरिवलीपर्यंत काटा ८४ ते ८६ अंशांवर होता. उद्यानाच्या दरवाजासमोर सिग्नलला थोडा चढला, पुन्हा उतरला. पळताना तापण्याचे दुखणे गेले होते. जवळच असरची नमाज पढून पुढे निघालो. दहिसर, काशीमिरा आणि मग उजवीकडे घोडबंदर. खाडी डावीकडे, डोंगर उजवीकडे. गायमुखचा घाट छोटा आहे, पण ट्रकांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चढावा लागतो. तिथे काटा ९३ पर्यंत गेला. कोणी बोलेना. माथ्यावर वारा लागला तसा तो खाली आला.

ठाणे ओलांडून मुलुंड चेक नाक्याने मुंबईत शिरलो. पूर्वी इथे जकातीसाठी ट्रकांच्या रांगा असत. जकात २०१७ मध्ये जी.एस.टी. आल्यावर गेली, नाव मात्र राहिले. मगरिबला मुलुंडमध्ये थांबलो. बॉनेट उघडून पाहिले. गळती नव्हती. बाटलीत पाणी थोडे वर आले होते, तेवढेच. पुढे भांडुप, विक्रोळी असे मेट्रोच्या खांबांच्या बाजूने सावकाश घाटकोपर गाठले. असल्फ्यावरून वर चढून शनिवारी संध्याकाळच्या साकीनाक्यात स्वतःहून घुसलो.

तिथे पस्तीस मिनिटे लागली. रिक्षा, बस, हातगाड्या, सगळे चाकाला चाक लावून उभे. काटा ९० वरून ९४ वर, मग ९६ वर गेला आणि तिथेच थांबला. वाफ नाही, वास नाही. अम्मीने थर्मास उघडला आणि सगळ्यांना चहा दिला. अब्बांच्या गाडीत साकीनाक्यावर चहा प्यायला मिळेल असे त्याआधीच्या दोन उन्हाळ्यांत कोणाला वाटले नव्हते.

त्यानंतरच्या महिन्यात गावी जाऊन आलो. पनवेल, पेण, माणगाव, महाड, पोलादपूर असा गोवा रस्ता. कशेडी घाटात आता सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा झाला आहे, त्यामुळे जुन्या घाटासारखा कस लागत नाही. अम्मी अब्बांच्या कबरीपाशी बराच वेळ उभी होती. गाडी कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर आंब्याखाली उभी होती, काटा खाली आलेला. भंगारवाल्याला फोन करून नम्रपणे नकार कळवला.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी

चार गोष्टी घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगून ठेवाव्यात.

एक, गाडी तापलेली असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच उकळते पाणी चेहऱ्यावर उडते. निदान अर्धा-पाऊण तास थांबावे, आणि मगही जाड फडके धरून हळूहळू उघडावे.

दोन, तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये. लोखंड आणि ॲल्युमिनियम तडकू शकते. इंजिन गार झाल्यावरच पाणी घालावे.

तीन, गर्दीत काटा चढताना दिसला तर बाजूला घेऊन गिअर काढावा आणि ॲक्सिलरेटर किंचित दाबून धरावा. पंखा आणि पंप दोन्ही जोरात फिरतात. दोन मिनिटांत काटा उतरला नाही तर गाडी बंद करावी.

चार, आधी प्रश्न, मग खर्च. उभी असताना तापते की पळताना? पाण्यात बुडबुडे येतात का? तेल दुधाळ आहे का? पट्टा ताठ आहे का? याची उत्तरे घेतल्याशिवाय जो कोणी इंजिन बदला म्हणतो त्याला सलाम करून पुढच्या दुकानी जावे.

आणि एक गोष्ट वेळेची. तांब्याची जाळी झाळणारे हात आता थोडेच उरले आहेत, घाटकोपरला, कुर्ल्याला, जोगेश्वरीला एखाद-दुसरे. त्यांची मुले नवे काम करतात, आणि ते योग्यच आहे. रोजी जिकडे असेल तिकडे माणूस जाणार. पण तुमच्या दारात अशी गाडी ताडपत्रीखाली उभी असेल आणि ती पुन्हा चालावी असे घरातल्या कोणा वडीलधाऱ्याला वाटत असेल, तर पुढच्या उन्हाळ्याची वाट बघू नका. पाऊस सरला की रेडिएटर उतरवून घेऊन जा. उस्ताद शुक्रवारी दुपारी दुकान बंद ठेवतात, बाकी दिवस सकाळी दहापासून असतात.